सगळं आधीच करून ठेवणारी ताई

माझ्या ताईला वाट बघता येत नाही. लोक म्हणतात, किती तत्पर बाई आहे. म्हणू देत. पाहुणे संध्याकाळी यायचे असले की दुपारीच कपबशा मांडून झालेल्या. बस सुटायच्या कितीतरी आधी ती थांब्यावर हजर, आणि ज्यांना पोचवायला आलेली असते ते अजून घरी मोजे शोधतायत. आभाळ जरा कुठं भरून आलं की ती स्वतःकडच्या किल्लीनं आमचं दार उघडणार, आमच्या गॅलरीतले कपडे काढून घड्या घालून ठेवणार, आणि मग दिवसभर असं लख्ख ऊन पडणार की विचारू नका. लहान मुलांच्या वॉर्डात ती नर्स आहे. तिथं तिला घाई सिस्टर म्हणतात, अगदी तिच्या तोंडावर.

आई गेली तेव्हा मी शाळेत होते आणि ताई नुकती नोकरीला लागली होती. बाबा होते, पण नुसते होते. मला वाढवलं ते ताईनं. हे मी कधी नाकारलं नाही आणि आजही नाकारत नाही. तिनं केलेलं विसरायला मी काही दगड नाही. रात्रपाळी करून आली की माझी वेणी घालायची, पेन्सिलींना टोकं करायची, मला शाळेच्या फाटकापर्यंत सोडायची आणि मगच आडवी व्हायची. पण एकदा चित्रकलेच्या तासासाठी मी कागदावर फुलदाणी काढून ठेवली होती. सकाळी उठून रंगवणार होते. उठून बघते तर रंगवून तयार, माझ्या हातून झाली नसती इतकी छान. मी भोकाड पसरलं. ताईला काही केल्या समजेना. "झालं ना काम? मग रडतेस कशाला?" म्हणाली.

माझं लग्नही तिच्या स्वयंपाकघरातल्या नळामुळं जमलं. नळ गळत होता, प्लंबर आला, ताई ड्यूटीवर होती आणि दार मी उघडलं. "गळती थांबली, पण बहीण गेली," असं ती अजून चारचौघांत सांगते. माझ्या नवऱ्याला ती तोंडावर जावईबापू म्हणायची आणि माझ्यापाशी 'तुझा नळवाला'. तो आमच्या चर्चचा नव्हता, कुठल्याच चर्चचा नव्हता. त्याला देव नको होता असं नाही, मधली माणसं नको होती. लग्नाच्या आधी फादरसमोर मी कबूल केलं होतं की मुलं झाली तर त्यांना माझ्या श्रद्धेत वाढवीन. नवऱ्यानं त्यावर हुज्जत घातली नाही. घरी आल्यावर मात्र म्हणाला, "माझं एकच मागणं आहे. पोरगं कुशीत झोपलेलं असताना, त्याला ना मला काही कळत नसताना, कुणीतरी डोक्यावर पाणी घातलं आणि झालं, असं नको. त्याला दिसलं पाहिजे आणि मला कळलं पाहिजे. न्यायचं तर तिघांनी मिळून जायचं." मी शब्द दिला. त्याचं म्हणणं मला पटलंही होतं.

मुलगी झाली. बोलायला लागल्यापासून ती घरात सगळ्यांना कामाला लावते, म्हणून तिला आम्ही कारभारीण म्हणतो. ताई तिच्यासाठी जीव टाकायची. पण दर रविवारी चर्चमधली प्रार्थना, मिस्सा, संपली की पायऱ्यांवर तेच पालुपद. "सगळ्यांच्या पोरांचे बाप्तिस्मे झाले गं. आपलीच अशी राहिली." मी म्हणायची, "ताई, होईल. तो शब्द फिरवणारा माणूस नाही." ताई नाक मुरडून पोरीच्या बुटाची नाडी बांधायला वाकायची.

आणि खरंच, त्यानं शब्द फिरवला नाही. कारभारीण शाळेत जायला लागली त्या वर्षी एका संध्याकाळी तो कामावरून आला, पिशवी दाराशी ठेवली आणि म्हणाला, "ती मला विचारत होती, चर्चमध्ये सगळे पुढं जाऊन काय खातात आणि आपण का नाही जात. चल, फादरना भेटू." मी पडद्याला दुमड घालत बसले होते, पडदे शिवायचंच काम करते मी. सुई बोटात गेली आणि मला कळलंसुद्धा नाही. ताईला फोन केला तर ती म्हणाली, "बरं झालं बाई." एवढंच. मला वाटलं, आनंदच एवढा झालाय हिला.

बाप्तिस्म्याच्या तयारीला आम्ही चर्चच्या मागच्या खोलीत दर गुरुवारी संध्याकाळी जायचो. एकावर एक रचलेल्या खुर्च्या, एक पाय आखूड असलेलं टेबल, आणि कायम सर्दी झालेले फादर. ताई धर्ममाता होणार, म्हणजे विधीत पोरीची जबाबदारी घेणार, म्हणून तीही यायची, अर्थात आमच्या आधी. पहिल्याच दिवशी फादरनी विचारलं, "आधी कुठं, दवाखान्यात वगैरे, कुणी पाणी घातलेलं नाही ना? मूल जाईल म्हणून घाबरून घालतात कधीकधी घरचे, आणि तोही बाप्तिस्माच. तसं असेल तर आत्ता सांगा. बाप्तिस्मा एकदाच होतो, तो दुसऱ्यांदा करता येत नाही." मी हसून म्हटलं, "छे हो फादर." ताई पोरीच्या बुटाची नाडी बांधत होती.

माझ्या नवऱ्याचं कसं सांगू? हा माणूस आयुष्यात एका जागी शांत बसलेला मी पाहिला नव्हता, तो त्या डुगडुगत्या टेबलापाशी हाताची घडी घालून ऐकायचा. दुसऱ्या का तिसऱ्या भेटीत फादर बाप्तिस्म्याचं स्नानकुंड दाखवायला घेऊन गेले. दगडी कुंड, खाली ओल आलेली. झालं, हा पाठीवर आडवा, डोकं कुंडाखाली. बाहेर आला तो तोंडभर धूळ घेऊन. "फादर, ह्याची नळी गटाराला जोडलेलीच नाही. सरळ जमिनीत जाते. कुणी हे असं केलंय?" फादर म्हणाले, "मुद्दामच केलंय. हे पाणी गटारात सोडायचं नसतं. ते मातीला परत द्यायचं." घरी येईपर्यंत नवऱ्याचं तेच चाललं होतं. आयुष्यभर घाण पाणी वाहून न्यायच्या नळ्या बसवल्या, आणि एक पाणी असंही आहे म्हणे. पुढच्या रविवारी त्यानं ती नळी स्वतः नीट बसवून दिली. कुंडातलं पाणी फार गार असतं म्हणून त्या दिवशी घरून कोमट पाणी न्यायचं, हेही त्यानंच ठरवलं. मी कितीही शिकवून हे कधी झालं नसतं.

विधीत आईबापांना थोडंच बोलायचं असतं. फादर विचारणार, तुम्ही आपल्या मुलीसाठी काय मागता. आपण म्हणायचं, बाप्तिस्मा. एवढा एक शब्द, पण याची जीभ वळेना. लोकांच्या बेसिनखाली पडून तो घोकायचा. एका घरी मालकीणबाई पाना घेऊन धावत आल्या, त्यांना वाटलं हा काहीतरी मागतोय. मग पोरीच्या कपाळावर अंगठ्यानं क्रूस काढायचा असतो, त्याचीही तालीम. त्याच्या अंगठ्याच्या भेगांतलं काळं कधी जात नाही. पोरीच्या कपाळावर डाग पडला की ती फिस्कारायची, "बाबा, पुन्हा. साबण लावून ये." मग ती त्याच्या कपाळावर काढून दाखवायची, बाहुलीच्या काढायची, आणि ताई आली की तिच्याही. ताई डोळे मिटून कपाळ पुढं करायची. मी पांढरा झगा शिवला, आतून मऊ अस्तर लावून, शिवण कुठं टोचणार नाही असा. मी सुखात होते. ते म्हणायला आता लाज वाटते, पण होते.

बाप्तिस्म्याच्या आधीच्या गुरुवारी रंगीत तालीम होती. कुंड कोरडंच होतं. नवऱ्यानं पोरीला हातांवर आडवी घेतली, फादरनी शिंपल्याच्या आकाराची रिकामी पळी तिच्या डोक्यावर धरली आणि म्हणाले, "इथं मी ते शब्द म्हणेन. आज म्हणत नाही, ते उगाच म्हणायचे नसतात."

"मी म्हणू?" कारभारणीनं खालून विचारलं.

आणि म्हणाली. आधी स्वतःचं पूर्ण नाव घेतलं, आणि मग, "मी तुला पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देते." न अडखळता. 'देते' म्हणाली, फादर म्हणतात तसं 'देतो' नाही.

आम्ही हसलो. फादरही हसले. "वा, कुणी शिकवलं गं?"

"मावशीनं. आमचं झालंय की. तिच्या बाथरूममध्ये, निळ्या मगनं. तीनदा घातलं, नाकात गेलं माझ्या." मग तिला काहीतरी आठवलं आणि तिनं तोंडावर हात ठेवला. "ते गुपित होतं."

फादरनी पळी कुंडाच्या कडेला ठेवली. मी ताईकडं बघितलं. मला वाटत होतं, ती आता म्हणेल, अहो, खेळ होता तो, पोरीला नादी लावत होते. म्हण ना बाई काहीतरी. ती मान खाली घालून पर्सची चेन उघडत होती, लावत होती.

"सिस्टर," फादर म्हणाले, "पाणी घातलंत? हेच शब्द म्हणून? मनात बाप्तिस्मा द्यायचाच होता?"

"हो फादर."

"कधी?"

"ही ऑपरेशनला गेली होती तेव्हा."

त्याच्या आदल्या वर्षी माझं पोटाचं ऑपरेशन झालं होतं. पोरीला ताईकडं ठेवलं होतं. मला आत नेताना ताईनं माझा हात धरला होता. "काही होत नाही गं. रोज बघते मी असली ऑपरेशनं. डोळे मीट, उघडशील तेव्हा झालेलं असेल." तिच्या त्या एका वाक्यावर मी आत गेले होते. आणि ही बाई तिथून घरी गेली आणि माझ्या लेकीला बाथरूममध्ये उभं केलं.

"का?" मी विचारलं. माझा आवाज त्या रिकाम्या चर्चमध्ये केवढा मोठा वाटला.

ताईनं मान वर केली. तिला खोटं बोलता येत नाही, गप्प बसता येतं. हा फरक मला त्या दिवशी कळला. "तुझं काही बरंवाईट झालं असतं तर?" ती म्हणाली. "यांनी आणलं असतं पोरीला इथं? कधी तरी आणलं असतं?"

'यांनी' म्हणजे माझा नवरा. तो तिथंच उभा होता, पोर अजून हातांवर आडवी. त्यानं तिला हळूच खाली उतरवली आणि झग्याची, म्हणजे तिच्या साध्या फ्रॉकची, मागची घडी सरळ केली.

"मग सांगितलं का नाहीस?" मी म्हटलं. "मी शुद्धीवर आले, घरी आले. फादरनी पहिल्या दिवशी विचारलं. तू तिथं बसली होतीस. इतके गुरुवार बसलीस."

"सांगितलं असतं तर तुम्ही आला असतात? आता बघ, जावईबापू स्वतःहून कुंडाखाली शिरले. चांगलंच झालं ना? फादरचं पाणी वरून पडलं असतं, कुणाचं काय बिघडणार होतं. मी बघून घेतलं असतं माझं आणि देवाचं."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. नवऱ्यावर भरवसा नव्हता, ते मी समजू शकले असते. पण ती माझ्या मरणाची तयारी करून बसली होती, मला हसून आत पाठवून. आणि मग आम्ही तिघं महिनाभर जे काही करत होतो, तो तिच्या लेखी नळवाल्याला चर्चमध्ये आणायचा गळ होता. परक्या माणसानं हे केलं असतं तर मी त्याला उभा चिरला असता. पण केसानं गळा कापायला आपलंच माणूस लागतं, कारण त्याच्यापुढं आपण मान वर करून निवांत बसलेलो असतो. "रंगव अजून माझ्या फुलदाण्या," एवढंच मी म्हणाले. फादरना त्याचा अर्थ कळला नाही. ताईला कळला.

फादरनी खुर्ची ओढून बसायला सांगितलं, कुणी बसलं नाही. ते म्हणाले, बाप्तिस्मा झालेला आहे. पाणी होतं, शब्द होते, इच्छा होती. सिस्टरनी केलं ते चुकीचं केलं, तसं करायची वेळ आलेली नव्हती, पण झालं ते झालं, आणि ते पुन्हा करणं माझ्या हातात नाही. राहिलेला विधी रविवारी करू. तेल लावू, पांढरा झगा, मेणबत्ती, सगळं. फक्त पाणी नाही.

"आणि धर्ममाता?" त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडणार तेवढ्यात नवरा म्हणाला, "त्याच राहू देत. काम त्यांनी केलंय." त्यात टोमणा होता की काय होतं, मला आजही ठरवता येत नाही. ताईनं पहिल्यांदाच त्याच्यासमोर नजर खाली घातली.

घरी आल्यावर तो बेसिनपाशी कोपरापर्यंत हात धूत राहिला. मी मागं उभी. पाठमोरा असतानाच त्यानं विचारलं, "तुला माहीत होतं?"

"नाही."

"बरं."

भांडला असता तर बरं झालं असतं. मी भांडकुदळ बाई आहे, भांडण मला कळतं. या 'बरं'चं मी काय करू? पोरीची शपथ घेतली, रडले, ताईला शिव्या घातल्या. तो म्हणाला, "मी कुठं काय म्हटलं?" आणि पुढचे दिवस तो माझ्याशी पाहुण्यासारखा वागला. चहा दिला की थँक यू म्हणायचा. कोमट पाणी न्यायला त्यानं मोठा थर्मास आणून ठेवला होता, तो ओट्यावरून उचलून माळ्यावर टाकला. कारभारीण विचारत होती, "माझ्यामुळं का?" तिला जवळ घेऊन मी सांगत होते, तुझ्यामुळं नाही गं, आणि मनात ताईला म्हणत होते, हेही तुझ्याच नावावर.

मला वाटलं तो रविवारी येणार नाही. आला. इस्त्रीचा शर्ट घालून, अंगठा घासून घासून लाल केलेला. चर्च भरलेलं होतं. आम्ही पुढं उभे राहिलो, मी, तो, मधे पांढरा झगा घातलेली पोर, आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून ताई. कुंड बाजूलाच होतं, झाकण लावलेलं.

आता प्रश्न बदललेला होता, उत्तरही. फादरनी मला आदल्या दिवशी फोनवर सांगितलं होतं, आणि मी नवऱ्याला सांगितलं होतं की या वेळी उत्तर मी देईन. त्यानं ऐकलं होतं की नाही, देव जाणे. फादर म्हणाले, "बाप्तिस्मा झालेल्या या मुलीसाठी तुम्ही आज काय मागता?"

मी श्वास घेतला, आणि शेजारून तो म्हणाला, "बाप्तिस्मा."

स्पष्ट, खणखणीत, जसा बेसिनखाली घोकला होता तसा. आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसानं चर्चमध्ये काहीतरी मागितलं होतं. मागं कुणीतरी खाकरलं. फादर पुस्तकाकडं बघत राहिले. त्याच्या कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या. माझ्याकडं वाकून तो हळू आवाजात म्हणाला, "मला तेवढंच पाठ होतं."

त्यानं मनापासून मागितलं होतं, आणि द्यायला तिथं कुणाकडं काही शिल्लक नव्हतं. ते एका निळ्या मगात कधीच संपलं होतं. मी नवं उत्तर दिलं, चर्चनं हिचं स्वागत करावं. तेल लागलं, मेणबत्ती पेटली. क्रूस काढायची वेळ आली तेव्हा त्यानं पोरीच्या कपाळावर अंगठा टेकवला आणि सावकाश क्रूस काढला. ताई रडत होती. तिला रडताना मी आईच्या वेळीही पाहिलं नव्हतं. माझ्या मनाला पाझर फुटला नाही, आणि तो फुटावा म्हणून मी प्रयत्नही केला नाही.

मिस्सा संपल्यावर लोक शुभेच्छा देऊन पांगले. नवरा पोरीला घेऊन पायऱ्या उतरला. पोर त्याला विचारत होती, कुंडाचं झाकण काढून आत बघू का, आणि तो म्हणत होता, पुन्हा कधीतरी. मी ताईपाशी थांबले. त्या गुरुवारपर्यंत इतकी वर्षं माझ्या तोंडून तिला उलटं काही गेलं नव्हतं, आणि आता जे म्हणायचं होतं ते मी आदल्या दिवसापासून मनात जुळवत होते. तिच्याकडं आमच्या घराची किल्ली होती, तिच्या स्वतःच्या घराच्या किल्ल्यांबरोबर त्याच जुडग्यात अडकवलेली. मी नुसता हात पुढं केला.

"ताई, आमची किल्ली," मी म्हटलं.

तिनं पर्समध्ये शोधाशोध केली नाही. मूठ उघडली. किल्ली जुडग्यातून आधीच काढून ठेवलेली होती.